आप्तस्वर

शत्रूला चकवण्यासाठी असत्य बोलावे की नाही, याविषयी आपल्या नीतिवेत्त्यांनी पुष्कळ ऊहापोह केला आणि बहुतेकांनी त्याला मर्यादित संमतीही दिली. परंतु राजाने स्वतःच्याच प्रजेशी, तेही तिचा पुत्र रणात पडल्यावर, असत्य बोलावे काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारलेला दिसत नाही. बहुधा तो विचारण्याजोगा वाटलाच नसावा. जुन्या तर्कपंडितांनी ज्ञानाच्या साधनांमध्ये विश्वासू माणसाच्या शब्दाला मानाचे आसन दिले आहे. जो जाणतो, आणि जसे जाणतो तसेच सांगतो, तो आप्त. धूर न दिसताही केवळ त्याच्या सांगण्यावरून जळते घर सोडून बाहेर पडावे, एवढा त्याचा अधिकार. माणूस हा अधिकार आयुष्यभर झिजून मिळवतो. तो त्याच्या गळ्यातून सोडवून घेऊन दुसऱ्याच्या कामाला जुंपता येईल, ही कल्पना त्या पंडितांच्या मनाला शिवली नव्हती. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, राजधानीतील एका थंडगार दालनात बसलेल्या काही हुशार तरुणांना ती सुचली.

माण तालुक्यातील पळसदरे हे तीनशे उंबऱ्यांचे गाव. पाऊस बेताचा, माती हलकी. म्हणून घरटी एकाने सैन्यात जाण्याची तिथली रीत चार पिढ्यांची. त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात इंदुमती अवघडे यांनी परिचारिका म्हणून चौतीस वर्षे सेवा केली. गावाच्या तोंडी त्या इंदूसिस्टर. निवृत्त होऊन दहा वर्षे लोटली होती. गेल्या श्रावणात अर्धांगाचा हलका झटका येऊन डावा ओठ ओघळला होता, खालचे दात गेले होते. तरी कुणाचे लेकरू तापाने फणफणले की पहिली हाक त्यांनाच जाई. निम्म्या गावाची नाळ त्यांनी कापलेली. ही बाई तोंडदेखले बोलत नाही, हे गावाला पक्के ठाऊक होते. त्या 'वाचेल' म्हणाल्या की घरची माणसे जेवायला बसत. 'साताऱ्याला न्या, इथं वेळ घालवू नका' म्हणाल्या की कुणी उलट प्रश्न करीत नसे.

त्या वर्षी त्यांचा भाचा सुहास गावी आला. आईबाप लवकर गेलेल्या या मुलाला त्यांनीच वाढवले, पुण्याला ठेवून शिकवले. आता तो सरकारच्या लोकधैर्य विभागात अधिकारी होता.

"आत्या, इथं सही कर," त्याने काचेची पाटी पुढे केली. "युद्धकाळातल्या आरोग्यसूचना तुझ्या आवाजात द्यायच्यात. रक्तदान, भोंगा वाजल्यावर काय करायचं, असलं."

"माझ्या? अरे, दात पडल्यापासून मी काय बोलते ते माझं मलाच कळत नाही."

"तुला बोलायचंच नाहीये. मदतवाहिनीवर तू फोनवर बोलायचीस ना? तेरा वर्षांचे ते सगळे फोन जपून ठेवलेत."

"कशाला जपले?"

"सेवेचा दर्जा तपासायला." सुहास हसला. "सरकार काही टाकून देत नाही, आत्या."

त्यांनी सही केली. आपला तरुणपणीचा आवाज देशाच्या कामी येणार, याचे त्यांना थोडे कौतुकही वाटले. हे सांगितले पाहिजे, कारण पुढे त्यांनी स्वतःला जे दूषण दिले त्यात हे कौतुकच त्यांना अधिक टोचत होते.

या योजनेचे सरकारी नाव 'आप्तस्वर'. तिच्यामागचे शास्त्र समजायला अवघड नाही. परका आवाज कानी पडला की मेंदू आधी त्याला वेशीवर अडवतो, पारखतो, मगच त्याचा अर्थ आत घेतो. जिवाभावाच्या आवाजाला ही जकात पडत नाही. अर्थ कळण्याआधीच त्याच्यासाठी दार उघडलेले असते. सरकारने युद्ध सुरू झाल्यावर प्रत्येक घराच्या भिंतीवर एक लहानसा ध्वनिक्षेपक बसवला होता. गावात त्याला 'डबी' म्हणत. डबी बोलत असे, ऐकत असे, आणि तिच्यातून निघणाऱ्या सूक्ष्म लहरी खोलीतल्या माणसाची छाती किती वर-खाली होते, हृदयाचे ठोके किती पडतात, हेही दुरून टिपत असत. पहिला महिनाभर तिने निरनिराळ्या आवाजांत निरुपद्रवी गोष्टी सांगितल्या, कधी हवामान, कधी शिधावाटपाची वेळ, आणि कोणत्या आवाजाला कोणाचा श्वास संथ होतो ते नोंदले. शहरांत घरोघरी निराळे आप्त निघाले. कुणाचा दिवंगत आजोबा, कुणाची शाळेतली बाई. पळसदऱ्यात मात्र तीनशेपैकी दोनशे ऐंशी घरांच्या हृदयांनी, त्यांच्या नकळत, एकाच बाईला कौल दिला.

रणातल्या मुलांचेच आवाज का वापरले नाहीत, असे कुणी विचारील. प्रयोग झाला होता. पण आई मुलाला असे प्रश्न विचारते, ज्यांची उत्तरे कोणत्याही साठ्यात नसतात. परिचारिकेला तसे कुणी विचारीत नाही. तिच्यावर नुसता विश्वास ठेवतात.

सूचना रक्तदानापासून सुरू झाल्या. मग तेल जपून वापरा. मग माघारीच्या बातम्या या अफवा आहेत. मग, तुमचा मुलगा सुखरूप आहे, संपर्क तुटला आहे एवढेच. आपला आवाज इथवर पोचला हे इंदूसिस्टरना कळले नाही, कारण त्यांच्या घरची डबी त्यांच्याशी निराळ्याच आवाजात बोलत असे. त्यांचे ठोके ज्या आवाजाने शांत होत, तो सुहासचा होता.

आषाढातल्या एका सोमवारी एक हात गमावलेला जवान शेजारच्या गावी घरी आला, आणि वाटेत त्यांच्या दाराशी थांबून त्याने घडी घातलेला कागद दिला. रणावरच्या रुग्णालयातून अश्विनी ठोंबरेने तो पाठवला होता. अश्विनी त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

'सिस्टर, ओंकार जगदाळे, पळसदरे. १९ तारखेला दुपारी गेला. पोटात जखम होती. डोळे मी मिटले. इथे रोज अशी नावे आम्ही वहीत लिहितो. ती वही दुसऱ्या दिवशी घेऊन जातात आणि घरी कुणालाच कळवत नाहीत. तुम्ही त्याच्या आईला सांगाल, म्हणून लिहिते.'

एकोणीस तारीख उलटून तेवीस दिवस झाले होते. ओंकारची आई वैशाली तीन गल्ल्या पलीकडे राहत होती. नवरा सहा वर्षांपूर्वी अपघातात गेलेला. मागे ओंकार आणि बावीस वर्षांची ईश्वरी. इंदूसिस्टर तशाच निघाल्या. वैशालीच्या खिडकीपाशी आल्या आणि थांबल्या. आतून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. वीस वर्षांमागचा, भरदार, सगळ्या दातांचा.

"वैशू, ओंकारची तुकडी पुढं सरकलीय, म्हणून फोन नाही. तो सुखरूप आहे गं. आणि ईश्वरीला अडवू नकोस. गुरुवारी दहाला लोकसेनेची बस आहे, तुझा अंगठा लागेल. भाऊ तिकडं एकटा लढतोय, बहिणीनं मागं राहावं का?"

"तुमी म्हणता तर देते अंगठा, सिस्टर," वैशाली डोळे पुसत हसत होती. "तुमीच दोगांना या जगात आणलंसा. तुमच्या शब्दाबाहीर मी कदी गेलेय?"

लोकसेनेची भरती ऐच्छिक होती, आणि आईच्या अंगठ्याशिवाय बस कुणालाही घेत नसे. एकुलत्या अपत्याला तर कायद्याने सूट होती. वैशालीची मुलगी आता एकुलती होती, आणि ते सांगणारा कागद इंदूसिस्टरच्या मुठीत होता. त्यांनी दार ठोठावायला हवे होते. पण संतापाने त्यांचे भान हरपले. माझ्या तोंडाने हे बोलतात? आधी ही डबी बंद पाडते, असे म्हणत त्या उलट्या फिरल्या आणि तडक चावडीवर गेल्या. आयुष्यात त्यांनी केलेल्या मोजक्या चुकांपैकी ही एक.

चावडीपुढे पारावर सरपंच सदाशिव पोळ गुरुवारच्या बसची तयारी करून घेत होते. पताका लागत होत्या.

"दाजी, डब्यांतला आवाज माझा नाही," इंदूसिस्टर उभ्या उभ्याच म्हणाल्या. "मी बोलत नाही ते. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवू नका."

सदाशिवराव गोंधळले. "आवं सिस्टर, तुमचा न्हाय तर कुणाचा? कालच तुमी मला बीपीच्या गोळ्यांची याद दिलीसा की."

"मी नाही दिली. यंत्र बोलतंय."

"मग यंत्र तुमच्यापरीस बरं," पारावरचा एक म्हातारा म्हणाला. "तुमी चार म्हयन्यात माझ्याकडं फिरकला न्हाय."

हशा पिकला. पण एक तरुण पुढे आला. त्याचे दोन भाऊ आघाडीवर होते. "सरपंच, सरकारनं काय सांगितलंय? शत्रू ओळखीच्या मानसांची सोंगं पाठवतोय. डबीच्या उलटं जो बोलंल त्याची वळख तपासा म्हणून. तपासा की."

चावडीच्या डबीवर ओळख तपासण्याची सोय होती. इंदूसिस्टरनी तिच्यासमोर आपले नाव, गाव आणि जन्मसाल सांगितले. ओठ ओघळल्यामुळे 'पळसदरे' या शब्दातला स धड उमटला नाही. क्षणभराने डबी त्यांच्याच आवाजात, अतिशय मायेने म्हणाली, "जुळणी एकोणचाळीस टक्के. ही व्यक्ती इंदुमती अवघडे असल्याचे सिद्ध होत नाही. कृपया सावध राहा."

पारावरचे हसू मावळले. ज्या माणसांना त्यांनी पहिल्यांदा उलटे धरून रडवले होते, ती माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहत एकेक पाऊल मागे सरली. सोंग कोणते आणि माणूस कोणता, हे डोळ्यांना दिसत होते; पण कानांना जे रुचते त्यापुढे डोळ्यांचे काय चालते?

"मला ओळखत नाहीस, दाजी? तुझी सून अडली होती तेव्हा बैलगाडीतून..."

"वळखतो वो," सदाशिवराव खाली पाहत पुटपुटले. "पर झटका आल्यापास्नं डोस्क्याला कायतरी झालंय तुमच्या. घरी जावा. हितं पोरांचं मन मोडू नका."

दुसऱ्या दिवशी सुहासचा फोन आला. "आत्या, चावडीवर काय केलंस? माझ्यापर्यंत नोंद आलीय."

"ओंकार गेलाय. तुला माहीत होतं?"

"यादी दुसऱ्या विभागात असते. आमच्याकडं फक्त घरं येतात. कुठल्या घराला धीर द्यायचा, एवढंच."

"हा धीर आहे? तिची दुसरी लेक नेताय."

"हे बघ, आपण हरलो तर कुणाचीच लेक राहणार नाही. एका गावात रडारड झाली की दहा गावांतली भरती बसते. मी हे आकड्यांत पाहिलंय, आत्या. खोटं नाही सांगत."

"तुझ्याच आवाजात ऐकते ना रोज," त्या म्हणाल्या. "तूही मला खोटंच सांगत असशील, हे काल कळलं." त्यांनी फोन ठेवला, भिंतीवरची डबी गोधडीत गुंडाळून पेटीत घातली आणि झाकण लावले.

गुरुवारी सकाळी आठ वाजता इंदूसिस्टर वैशालीच्या दारी गेल्या. सोमवारची गोष्ट गावभर झाली होती. त्या गल्लीत वळल्या तशी दोन्ही बाजूंची दारे एकामागून एक लागली. वैशालीचेही लागले. त्यांनी पायरीशी चपला काढल्या आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या.

"वैशू, दार उघडू नकोस," आतून त्यांचाच आवाज म्हणाला. "ती बाई आजारी आहे. मी तुला कधी खोटं सांगितलंय का?"

"जावा हितनं!" दाराआडून वैशाली ओरडली. "शुभदिनी आलायसा अवदसा घिऊन! लेक चाललीय माझी, तिला ओवाळायचंय मला."

इंदूसिस्टरनी आपल्या आवाजाशी वाद घातला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "वैशू, मला पाणी दे."

दाराआड एकदम सगळे थांबले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी राजधानीतल्या हुशार तरुणांच्या ध्यानात आली नव्हती. चौतीस वर्षांत, आणि निवृत्तीनंतरही, इंदूसिस्टरनी मरणाची वार्ता कधी फोनवर दिली नाही, कधी उभ्याने दिली नाही. त्या दाराशी येत, चपला काढून बसत, पाणी मागत. पाणी पिऊन झाल्यावर घरच्या बाईचा हात हातात घेत आणि मग जे घडले ते एका वाक्यात सांगत. मागितल्यापासून मिळेपर्यंत जो वेळ जाई, तेवढ्यात ऐकणारीचे मन तयार होई. गावातल्या प्रत्येक बाईला हे माहीत होते. म्हणून मदतवाहिनीच्या तेरा वर्षांच्या साठ्यात लशीच्या तारखा होत्या, बाळंतपणाच्या शुभवार्ता होत्या, दटावण्या आणि थट्टाही होत्या, परंतु एकही मृत्यू नव्हता. यंत्राला त्यांचा सगळा आवाज मिळाला होता. हे मागणे मात्र त्याला माहीत नव्हते.

"पाणी न्हाय घरात," वैशाली म्हणाली.

"पिंप भरलेलं दिसतंय मला खिडकीतून."

"न्हाय देत! न्हाय दिलं पानी तर तुमाला बोलता येत न्हाय न्हवं? मग न्हाय देत! दिस बुडंस्तवर बसा तितंच. मरा तितं उन्हात!" आणि तिने आतून दारावर काहीतरी फेकून मारले. पितळी ताट असावे. त्यातले निरांजनही घरंगळल्याचा आवाज झाला.

"श्वास सावकाश घे, वैशू," डबी मायेने म्हणाली. "तुझे ठोके वाढलेत. मी आहे ना."

इंदूसिस्टर बसून राहिल्या. ऊन ओट्यावर चढले. पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ढेकूळ भिरकावले. ते त्यांच्या खांद्याला लागून फुटले. साडेनऊला चावडीवर ढोल वाजू लागला. मग कडी वाजली आणि ईश्वरी बाहेर आली. अंगात लोकसेनेचा नवा गणवेश, कपाळाला कुंकू, हातात पाण्याचा तांब्या.

"सहा वर्सांमागं बी मीच दिलं हुतं," ती म्हणाली. "पप्पांच्या येळंला. घ्या."

त्या पाणी प्यायल्या. ओघळलेल्या ओठातून थोडे पदरावर सांडले. उंबऱ्याच्या आत वैशाली जमिनीवर बसली होती. त्यांनी उंबऱ्यावरूनच तिचा हात धरला. तिने तो हिसडून घेतला, त्यांच्या मनगटावर नखे उमटवली, आणि मग स्वतःच होऊन परत दिला.

"ओंकार गेला, पोरी. एकोणीस तारखेला, दुपारी. अश्विनी ठोंबरेनं त्याचे डोळे मिटले. तो एकटा नव्हता."

"ही अफवा आहे," भिंतीवरून त्या स्वतःच म्हणत होत्या. "वैशू, माझ्यावर विश्वास ठेव. ओंकार..."

मुलाचे नाव त्या भिंतीतून पुन्हा निघताच वैशाली उठली. तिने डबी खिळ्यासकट उपटली आणि भरल्या पिंपात घालून दोन्ही हातांनी दाबून धरली. बुडबुडे येत राहिले. पाण्यातूनही काही अक्षरे उमटत होती, मग तीही थांबली. त्यानंतर जो टाहो निघाला तो साऱ्या गल्लीने ऐकला, आणि तो खरा आहे की बनावट हे तपासायला कुणालाही यंत्राची गरज पडली नाही.

बस दहाला निघाली. बारा नावांपैकी अकराच जण तिच्यात बसले.

इंदूसिस्टर उठल्या तेव्हा पायरीशी चपला नव्हत्या. कुणीतरी त्या गटारात टाकल्या होत्या. त्या अनवाणी निघाल्या. दारे आता उघडली होती, पण दारांतल्या बायांच्या डोळ्यांत कृतज्ञता नव्हती. जिचा मुलगा आघाडीवर आहे अशी प्रत्येक बाई त्या जवळ येताच श्वास रोखून धरी आणि पुढे गेल्या की सोडी. एकीने तर हात जोडले. "सिस्टर, तुमच्या पाया पडते. माझ्या दाराशी थांबू नका."

त्या थांबल्या नाहीत. तिच्या दाराशी थांबण्याजोगे काही त्यांच्यापाशी नव्हते. पण तेही तिला सांगता येईना, कारण नसलेल्या बातमीची खात्री त्या तरी कशी देणार?

दुपारी सरकारी गाडी आली आणि त्यांना साताऱ्याला घेऊन गेली.

तिथे, जाड पडद्यांनी मढवलेल्या एका खोलीत, त्यांच्यापुढे ध्वनिग्राहक ठेवलेला होता. सुहास समोर बसला. त्याचे डोळे तांबारले होते.

"आत्या, मी तुला सोडवायला आलोय. गुन्हा मागे घेतील. एक छोटं काम आहे." त्याने सावकाश समजावले. पळसदऱ्याची बातमी आजूबाजूच्या सात गावांत पसरली होती. तिथल्या डब्यांपुढे आता लोकांचे श्वास संथ होत नव्हते. म्हणून विभागाने धोरण बदलले. काही मरणे यापुढे मान्य करायची, शंभरातली पाच. ती पाच खरी निघाली की उरलेली पंच्याण्णव झाकली जातील. "पण तुझ्या तेरा वर्षांत एकही मरण नाही. यंत्र ते वाक्य बनवतं, पण ऐकणाऱ्याला ते टोचतं. खोटं वाटतं. तू एकदाच म्हण. 'पोरी, तुझा मुलगा गेला.' तुझा आजचा आवाज चालेल, आम्ही वय कमी करून घेऊ. एकच वाक्य, आत्या. मग घरी जा."

इंदूसिस्टरनी त्याच्याकडे पाहिले. याच मुलाला गोवर आला होता तेव्हा अकरा दिवस त्या त्याच्या उशाशी बसल्या होत्या. आपल्यापाशी जगाला देण्याजोगे एवढे एकच वाक्य उरले आहे, आणि तेच यांना हवे आहे, हे त्यांना स्पष्ट दिसले. 'नाही' म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, आणि ध्वनिग्राहकावरचा तांबडा दिवा पाहून पुन्हा मिटले. नकारातही सूर असतो. त्याच सुरातून हे लोक शोक शिवून घेतील.

"निदान मला शिव्या तरी घाल," सुहास म्हणाला.

त्यांनी तेही केले नाही.

बेचाळीस दिवस त्यांना ठेवले. दरडावून पाहिले, झोपू न देता पाहिले. एकदा तर सुहास मेल्याचा खोटा कागद पुढे टाकून पाहिला. तो कागद त्यांनी उलटा करून ठेवला. अखेर वैद्यांनी लिहून दिले की झटक्याने वाचा गेली आहे. लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची नाडी जरा जास्त वेळ धरली होती, एवढेच. आपल्याकडे मौनाला तप म्हटले आहे. बहुधा ते मनाच्या शांतीसाठी करतात. या बाईंनी ते रागाने केले, आणि म्हणून ते कमी प्रतीचे झाले असे मला वाटत नाही.

त्या गावी परतल्या, पण त्यानंतर बोलल्या नाहीत. भाजीवालीशी नाही, आणि घरी एकट्या असतानाही नाही. शेजारच्या भिंतीपलीकडून त्यांचा तरुण आवाज संध्याकाळी तेल जपून वापरायला सांगत असे. युद्ध चालूच होते. वैशाली रोज भाकरी घेऊन येई, समोर ठेवी, आणि बोलण्यासारखे काही नसल्याने दोघी बसून राहत. पहिल्या दिवसांत तिने एकदा म्हटले होते, "तुमच्यावरचा राग गेला न्हाय माझा अजून." इंदूसिस्टरनी मान हलवली होती. तो राग त्यांना मान्य होता.

कार्तिकात आणखी एक जखमी माणूस कुबड्या टेकत दाराशी आला. अश्विनीच्या अक्षरातला कागद. त्यावर या खोऱ्यातली तीन नावे. भाकरीची परडी घ्यायला आलेल्या ईश्वरीने तो त्यांच्या हातून घेतला आणि वाचला. खालचे नाव चावडीवर ओळख तपासायला लावणाऱ्या त्या तरुणाच्या थोरल्या भावाचे होते.

"पकडत्याल मला," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्यो ढेकूळ मारंल. माझी आई तर बोलायचीच न्हाय माझ्यासंगं." कागदाची घडी करून तिने ओच्यात खोवली. "सिस्टर, मी जाऊ?"

इंदूसिस्टर उठल्या. हिला ज्या वाटेवरून परत आणले, त्याहून सोपी वाट त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी तिची वेणी नीट केली, आणि जन्मल्याबरोबर ज्या डोक्यावर पहिला हात त्यांचा पडला होता, त्याच डोक्यावर तळवा ठेवून पुष्कळ वेळ तशाच उभ्या राहिल्या. ईश्वरी निघाली. भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध, कुणाहीपासून न लपता.

ती ज्या उंबऱ्याशी बसेल, तिथल्या माणसांना ऐकण्याचे बळ मिळो. तिच्या जिभेला सत्याचा भार पेलो. वैशालीचे दुःख तिला जाळून न टाकता तिच्यापाशी विसावो. मौनात बसलेल्या त्या वृद्धेला शांत झोप लागो. आणि राजधानीत बसून ज्यांनी दुसऱ्यांचे गळे उसने घेतले, त्यांच्याही दाराशी, त्यांची वेळ येईल तेव्हा, कुणीतरी खरे सांगणारे माणूस चालत येवो.